स्पीड दोनशे, आवाज रोबोटचा

मागच्या अंकात म्हटलं होतं की व्हॉइस कॉल आणि व्हिडिओ मीटिंगच्या अडचणी लिहून पाठवा, तर पत्रांचा ढीगच आला. निम्म्याहून जास्त लोकांची तक्रार एकच: प्लॅन मोठा घेतलाय, स्पीड टेस्टला आकडा झकास येतो, आणि तरी "हॅलो हॅलो, येतोय का आवाज" काही संपत नाही. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं गाळलीत, गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न (डोंबिवली) : सर, माझं काम घरूनच असतं. २०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, अपलोड २० मिळतं. दिवसभर मीटिंग छान चालतात पण संध्याकाळी मुलगी कॉलेजातून आली की तिचा फोन वायफायला लागतो आणि पाच मिनिटांत टीमवाले ओरडायला लागतात की तुमचा आवाज रोबोटसारखा येतोय. मला मात्र त्यांचा नीट ऐकू येतो. केबलवाला म्हणतो ५०० चा प्लॅन घ्या. घेऊ का?

उत्तर : नका घेऊ, निदान या कारणासाठी तरी नका. तुम्हाला त्यांचा आवाज नीट येतो आणि त्यांना तुमचा येत नाही, यातच अर्धं उत्तर आलं की हो ताई, गडबड तुमच्या घरातून बाहेर जाणाऱ्या बाजूला आहे. मुलीचा फोन घरात शिरला की दिवसभराचे फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लागतो आणि तुमचं २० चं अपलोड तो एकटा भरून टाकतो. ५०० च्या प्लॅनमधे डाउनलोड वाढेल, अपलोड किती वाढेल ते केबलवाल्याला आधी विचारा, आणि वाढलं तरी फोटो बॅकअप तेवढंही भरणारच, फक्त थोडा लवकर संपेल.

आवाजाला स्पीड फार लागतच नाही. जुन्या टेलिफोनच्या दर्जाचा जी.७११ कोडेक (आवाजाचा डिजिटल डेटा करायची पद्धत) घेतला तर आवाजाचे ६४ केबीपीएस, त्यावर प्रत्येक पॅकेटची, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्याची, हेडरं (वरचे पत्ते) धरून ८० केबीपीएस. ब्राउझरमधून होणारे कॉल बहुतेक ओपस कोडेकवर चालतात, तो २०१२ साली स्टँडर्ड झाला आणि याच्या निम्म्यातसुद्धा बरा आवाज देतो. म्हणजे तुमच्या २० एमबीपीएसमधला अर्धा टक्काही पुरतो. आवाजाला पाहिजे असतं ते वेळेवर पोचणं. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा (हे आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ शिफारशीत आहे, आणि ४०० च्या पुढे तर जाऊच नये असंही त्यात म्हटलंय), जिटर म्हणजे त्या उशिरातला चढउतार साधारण ३० च्या आत, आणि पॅकेट लॉस म्हणजे वाटेत हरवणारी पॅकेटं १ टक्क्याच्या आत, हे शेवटचे दोन नेटवर्कवाल्यांचे ढोबळ नियम. स्पीड टेस्टच्या त्या मोठ्या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही, म्हणून तो बघून खूश व्हायचं नाही.

आता मुलीचा फोन आल्यावर नेमकं होतं काय ते बघा. तुमच्या राउटरमधे किंवा केबलवाल्याच्या डब्यात एक बफर असतो, ज्या पॅकेटला पुढे जायला जागा नाही ते तिथे थांबतं. हा बफर १ मेगाबाइटचा धरा, म्हणजे ८ मेगाबिट, आणि अपलोड २०, तर बफर भरलेला असताना मागून आलेल्या पॅकेटला ०.४ सेकंद थांबावं लागणार, म्हणजे ४०० मिलिसेकंद घरातून बाहेर पडायच्या आतच गेले. आणि फोटो पाठवणाऱ्या टीसीपीचा (हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवून सगळं पोचवणारी पद्धत) स्वभाव असा की पॅकेट हरवल्याशिवाय तो सहसा हात आखडता घेत नाही, बफर मोठा असला की पॅकेट हरवत नाही, मग तो ओततच राहतो ओततच राहतो. मेमरी स्वस्त होत गेली तसे डबे बनवणाऱ्यांनी बफर वाढवत नेले, त्यांना वाटलं पॅकेट टाकून देणं वाईट. जिम गेटिस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरला २०१० च्या सुमाराला स्वतःच्या घरच्या कनेक्शनवर मोठी फाइल पाठवताना हाच तमाशा दिसला, आणि तेव्हापासून याला बफरब्लोट म्हणतात. त्यावरचं औषधही निघालंय: कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मधे कोडेल नावाची पद्धत मांडली, ती रांग किती लांब आहे ते मोजत नाही, पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं ते मोजते, आणि ५ मिलिसेकंदांच्या वर थांबणं चालूच राहिलं की एखादं पॅकेट टाकून देते म्हणजे टीसीपीला इशारा मिळतो. पुढे त्याला प्रत्येक संवादाला वेगळी रांग देणारा भाग जोडला, तो एफक्यू-कोडेल. त्यात तुमच्या आवाजाची छोटीशी रांग फोटोंच्या मागे उभी राहतच नाही.

आधी खात्री करून घ्या. कमांड प्रॉम्प्ट उघडून ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला सतत पिंग (पॅकेट जाऊन यायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजणारी कमांड) लावा आणि मुलीला एक मोठा व्हिडिओ ड्राइव्हवर टाकायला सांगा. १० वरचं पिंग ३००-४०० वर उडालं तर निदान पक्कं. हे नको वाटत असेल तर फास्ट डॉट कॉमवर टेस्ट संपल्यावर जास्तीची माहिती उघडा, तिथे लोड नसतानाची आणि लोड असतानाची लेटन्सी (उशीर) वेगवेगळी दाखवतात, बघायचं ते हे.

उपाय राउटरवरचा. ज्या राउटरमधे एसक्यूएम, म्हणजे एफक्यू-कोडेलसारखी रांग सांभाळायची सोय असते (ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं मोफत सॉफ्टवेअर चालणाऱ्या राउटरवर ते टाकता येतं) तिथे अपलोड आणि डाउनलोड दोन्ही मोजलेल्या स्पीडच्या ८५-९० टक्क्यांवर बांधून टाका. स्पीड मुद्दाम कमी करायचं? हो, मुद्दामच. रांग नेहमी सगळ्यात अरुंद ठिकाणी लागते, आणि ते अरुंद ठिकाण केबलवाल्याच्या डब्यातून उचलून आपल्या राउटरमधे आणायचं म्हणजे रांगेचा ताबा आपल्याकडे येतो, याला दुसरा मार्ग नाही. एक इशारा, एसक्यूएम लावलं की राउटरच्या प्रोसेसरला घाम फुटतो, स्वस्तातल्या जुन्या राउटरला २०० चं डाउनलोड झेपणार नाही, मग निदान अपलोडपुरतं तरी लावा, तुमचं दुखणं तिथेच आहे. आणि राउटर बदलेपर्यंत मुलीला सांगा की बॅकअप मीटिंग संपल्यावर. फुकट आहे.

प्रश्न (सांगली) : आमच्या पतसंस्थेचं मुख्य ऑफिस आणि सहा शाखा. दोन शाखांना लीज लाइन, बाकी चारांना ब्रॉडबँडवर व्हीपीएन (इंटरनेटमधून काढलेला खासगी बोगदा). आयपी फोन बसवल्यापासून आवाज तुटतो. व्हेंडरचा माणूस म्हणाला, स्विचवर सगळ्या ट्रॅफिकला डीएससीपी ४६ मारू, प्रश्न मिटेल. मारलं. फरक शून्य, उलट महिनाअखेरीला जास्तच वाईट. काय चुकतंय?

उत्तर : "सगळ्या ट्रॅफिकला" हेच चुकतंय. पंढरपूरच्या दर्शनबारीत उभ्या असलेल्या प्रत्येकाला झटपट दर्शनाचा पास वाटला तर काय होईल, तेच तुमच्याकडे झालंय.

डीएससीपी ४६ हा पॅकेटवरचा फक्त शिक्का आहे. आयपी हेडरमधे ६ बिट असतात, त्यात ० ते ६३ मधला आकडा लिहायचा, ही पद्धत १९९८ ची, आणि ४६ म्हणजे "हे पॅकेट थांबवू नका" असा अर्थ ठरलेला. पण शिक्का वाचून काय करायचं हे वाटेतल्या प्रत्येक राउटरला तुम्हीच सांगायचं असतं, नाहीतर तो आकडा आहे तसा पुढे जातो आणि कोणी ढुंकूनही बघत नाही. त्यामुळे पहिलं काम, स्विचवर फक्त फोनच्या पोर्टवरून आलेल्या शिक्क्यावर विश्वास ठेवा, क्लार्कच्या पीसीवरून काहीही येवो, त्याचा शिक्का पुसून ० करा. मग शाखेच्या राउटरवर रांगा पाडा: आवाज ४६, याला प्रायॉरिटी रांग. फोनची घंटी वाजवणारं सिग्नलिंग २४, त्याला थोडी राखीव जागा. व्हिडिओ असेल तर ३४, त्याची रांग वेगळी. कोअर बँकिंगला स्वतःची हमी. उरलेलं सगळं, विंडोजच्या अपडेटसकट, मागे.

व्हिडिओलाही ४६ देऊन टाकू का, असं बरेच जण विचारतात. नका. आवाजाचं पॅकेट २०० बाइटचं, दर २० मिलिसेकंदांनी एक, अगदी शिस्तीत. व्हिडिओचं तसं नसतं, पूर्ण फ्रेम पाठवायची वेळ आली की हजार-बाराशे बाइटची डझनावारी पॅकेटं एकदम येऊन आदळतात, आणि ती आवाजाच्याच रांगेत असली की आवाज त्यांच्या मागे अडकतो, मग रांग वेगळी काढून मिळवलं काय?

प्रायॉरिटी रांगेला मर्यादा घालावीच लागते, नाहीतर बाकीच्यांची उपासमार होते. सिस्कोवाले वर्षानुवर्षं सांगत आलेत की ती लाइनच्या साधारण एक तृतीयांशावर ठेवा. तुमची लीज लाइन २ एमबीपीएसची धरू, तृतीयांश म्हणजे ६६० केबीपीएस. जी.७११ चा एक कॉल इथरनेटवर ८७ केबीपीएस खातो, म्हणजे सात कॉल. आठवा कॉल लागला तर काय? लोकांना वाटतं आठव्याचा आवाज खराब येईल. तसं होत नाही हो, राउटरला कॉल दिसत नाहीत, पॅकेटं दिसतात, मर्यादेवरची पॅकेटं तो सरसकट टाकतो आणि आठही जणांचा आवाज तुटतो. म्हणून एक्सचेंजवर शाखेपिछे सातच कॉलची मर्यादा लावा, आठव्याला बिझी टोन मिळू दे. बिझी टोन परवडतो. जास्त कॉल पाहिजेत तर जी.७२९ वापरा, तो इथरनेटवर ३१ केबीपीएसमधे बसतो, त्याच जागेत एकवीस कॉल मावतात, आवाज जरा पातळ येईल इतकंच. तुमच्याकडे महिनाअखेरीला हेच होत असणार: रिपोर्ट, बॅकअप सगळं ४६ चा शिक्का घेऊन प्रायॉरिटी रांगेत घुसलं, मर्यादा संपली, आणि कात्री चालली ती आवाजावरही.

(जुन्या पुस्तकांत मोठी पॅकेटं तोडून पाठवायचा एक प्रकार दिलेला असतो. १ एमबीपीएसच्या लाइनवर १५०० बाइटचं पॅकेट निघायला १२ मिलिसेकंद लागायचे तेव्हा त्याला अर्थ होता. २० एमबीपीएसवर ०.६ लागतात. सोडून द्या.)

लीज लाइनच्या दोन शाखांसाठी प्रोव्हायडरला लेखी विचारा की तुमच्या नेटवर्कमधे व्हॉइसचा क्लास आम्हाला घेतलाय का, किती केबीपीएसचा, आणि कुठला शिक्का तुम्ही मानता. पुष्कळदा तो क्लास विकतच घेतलेला नसतो आणि मग आत कितीही कॉन्फिगरेशन केलं तरी व्यर्थ. व्हीपीएनच्या चार शाखांचं गणित निराळं, तिथे आयपीसेक, म्हणजे व्हीपीएनचं एन्क्रिप्शन, तुमचा शिक्का बाहेरच्या हेडरवर उतरवतो खरा, पण तो तुमच्या राउटरच्या दारापर्यंतच कामाचा. पुढे सार्वजनिक इंटरनेटवर त्याला कोणी बांधील नाही, कित्येक प्रोव्हायडर तर तो ० करूनच पुढे सोडतात. त्या शाखांना वर डोंबिवलीच्या ताईंना सांगितलेलं औषध, अपलोड बांधून घ्या आणि आपल्या दारात आवाज आधी सोडा. एन्क्रिप्शनच्या जादा हेडरांमुळे तिथे जी.७११ चा कॉल १०० केबीपीएसच्या वर जातो, तेही हिशोबात धरा.

प्रश्न (राजापूर) : आमच्या वाडीत टॉवर लांब आहे. पडवीत बसून साधा फोन लावला की आवाज स्वच्छ, आणि त्याच जागी त्याच फोनवरून व्हॉट्सॲप कॉल लावला की तुटक तुटक. दोन्ही फोर-जीवरूनच जातात ना? नातू म्हणतो कंपनी मुद्दाम अडवते, नेट न्यूट्रॅलिटीचा (सगळ्या डेटाला सारखी वागणूक द्यायच्या तत्त्वाचा) भंग आहे. खरं काय?

उत्तर : काका, दोन्ही फोर-जीवरूनच, पण वाट एक नाही. व्होल्टीचा, म्हणजे फोर-जीवरचा साधा कॉल लागला की नेटवर्क त्याच्यापुरती एक वेगळी वाट उघडतं, तिला क्यूसीआय १ म्हणतात, तिच्यात ठरावीक वेग राखून ठेवलेला असतो आणि फोनपासून नेटवर्कच्या गाभ्यापर्यंत १०० मिलिसेकंदांत पोचवायचं लक्ष्य असतं. व्हॉट्सॲप जातं सर्वसाधारण डेटाच्या वाटेने, बहुधा क्यूसीआय ९, तिथे हमी कसलीच नाही आणि लक्ष्य ३०० मिलिसेकंदांचं. शेजारच्या घरात कोणी क्रिकेट लावून बसलं असेल तर तेही त्याच वाटेने.

यातली एक गंमत बघा. क्यूसीआय १ मधे शंभरातलं एक पॅकेट हरवलं तरी चालतं, क्यूसीआय ९ ला मात्र दहा लाखांत एक. उलटं वाटतं ना? पण डेटाच्या वाटेवर पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवून पोचवायचं असतं, वेळ लागला तरी हरकत नाही. आवाजात उशिरा आलेलं पॅकेट आणि न आलेलं पॅकेट सारखंच, २० मिलिसेकंदांचा एखादा तुकडा गेला तर कोडेक आजूबाजूच्या आवाजावरून भोक बुजवतो, कानाला कळतही नाही. ओळीने चार-पाच गेले की मग शब्द जातो. शिवाय व्होल्टीत पॅकेटची लांबलचक हेडरं दाबून चार-दोन बाइटवर आणतात, आणि टॉवर लांब असेल तर फोनकडून जाणारं तेच पॅकेट ओळीने अनेकदा पाठवायची सोयही फोर-जीत ठेवलेली आहे, दूरच्या वाड्यांना तिचा फायदा होतो. व्हॉट्सॲपला यातलं काही मिळत नाही.

नातवाच्या शंकेचं म्हणाल तर, दूरसंचार नियामक ट्रायने ८ फेब्रुवारी २०१६ ला डेटाचे भेदभावाचे दर बंद केले, आणि जुलै २०१८ मधे दूरसंचार खात्याने नेट न्यूट्रॅलिटीची तत्त्वं मान्य केली, त्यात ठरावीक दर्जा लागणाऱ्या खास सेवांना आणि वाजवी ट्रॅफिक मॅनेजमेंटला मुभा ठेवलेली आहे. कंपनीने स्वतःच्या कॉलसाठी वेगळी वाट ठेवणं म्हणजे व्हॉट्सॲप अडवणं नव्हे. मुद्दाम हळू करत असती तर गोष्ट वेगळी. घरात ब्रॉडबँड आलंच असेल तर फोनमधे वायफाय कॉलिंग चालू करून बघा, आपल्याकडे ते २०१९ च्या शेवटी सुरू झालं, मात्र त्यात कॉल ब्रॉडबँडवरून जातो, राखीव वाट वगैरे तिथेही नाही.

प्रश्न (नागपूर) : कॉलेजच्या आयटी विभागात आहे. मायक्रोसॉफ्ट टीम्सवर ऑनलाइन परीक्षा-मुलाखती घेतो. लाइन ३०० एमबीपीएसची, वापर निम्माही नाही, तरी आवाज मधेच तीन सेकंद गोठतो आणि मग एकदम भरभर येतो. क्यूओएस (कुठल्या ट्रॅफिकला आधी सोडायचं ती व्यवस्था) लावायचं म्हणतोय, कुठून सुरुवात करू?

उत्तर : फायरवॉलपासून. क्यूओएस नंतर. "गोठतो आणि मग भरभर येतो" हे लक्षण टीसीपीचं आहे. टीम्सचा आवाज खरं तर यूडीपीवरून (यात हरवलेल्या पॅकेटची वाट बघत नाहीत), सर्व्हरच्या ३४७८ ते ३४८१ या पोर्टकडे जायला हवा, पण कॉलेजच्या फायरवॉलवर कोणीतरी कधीतरी "वेब सोडून सगळं बंद" केलेलं असतं, मग टीम्स नाइलाजाने टीसीपी ४४३ वर येतं. कॉल लागतो म्हणून कोणाला संशयही येत नाही. टीसीपीत एक पॅकेट हरवलं की ते परत येईपर्यंत मागची सगळी खोळंबतात, आणि आली की एकगठ्ठा. ते चार पोर्ट मायक्रोसॉफ्टने दिलेल्या ॲड्रेसपुरते मोकळे करा, मीडियाला प्रॉक्सीतून आणि एसएसएल तपासणीतून वगळा, प्राध्यापक घरून व्हीपीएन लावत असतील तर टीम्स त्या बोगद्याच्या बाहेरून जाऊ दे. निम्मे प्रश्न इथेच संपावेत.

त्यानंतरही गरज वाटली तर टीम्स ॲडमिनमधे पोर्टचे पट्टे चालू करा. मायक्रोसॉफ्ट सुचवतं ते असे: आवाज ५०००० ते ५००१९ ला ४६, व्हिडिओ ५००२० ते ५००३९ ला ३४, स्क्रीन शेअरिंग ५००४० ते ५००५९ ला १८. डोमेनमधल्या विंडोज मशीनवर ग्रुप पॉलिसीने शिक्का मारता येतो. विद्यार्थ्यांचे स्वतःचे लॅपटॉप डोमेनमधे नसतात, त्यांच्यासाठी स्विचवर सोर्स पोर्ट बघून शिक्का मारा. आतला आवाज एन्क्रिप्टेड असतो, त्यामुळे पॅकेट उघडून ओळखायचा नाद सोडा, पोर्ट हीच खूण.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी) : आई-बाबा नाशिकला. व्हिडिओ कॉलवर चित्र छान दिसतं पण आम्ही सारखे एकमेकांच्या बोलण्यावर बोलतो. दोन्हीकडे फायबर आहे. इथे काही सेटिंग करता येईल का?

उत्तर : थोडं करता येईल, सगळं नाही, कारण आडवा येतोय तो प्रकाशाचा वेग. फायबरमधे प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. नाशिक ते न्यू जर्सी सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे एका दिशेला ६२ मिलिसेकंद तर निसर्गालाच द्यायचे. केबल सरळ रेषेत नसते, मुंबईहून अरबी समुद्र, तांबडा समुद्र, युरोप आणि मग अटलांटिक अशी वाट असली की हे शंभराच्या घरात जातं. त्यावर आवाजाची पॅकेटं बांधायला २०, जिटर सावरायला समोरचं ॲप थोडा साठा करून ठेवतं त्याचे ४०-५०, कॅमेरा आणि स्क्रीनचा वेळ निराळा. झाले की १५० पार. आणि तांबड्या समुद्रातल्या केबल फेब्रुवारी २०२४ मधे तुटल्या, पुन्हा सप्टेंबर २०२५ मधे तुटल्या, तेव्हा ट्रॅफिक लांबच्या वळणाने गेलं, अशा काळात तुमच्या हातात काहीच नसतं.

हातात आहे ते दोन घरांच्या आतलं. जिटर जितका जास्त तितका ॲपचा साठा मोठा आणि उशीर मोठा, म्हणून वायफायमधला चढउतार कमी केला तर ॲप आपणहून साठा घटवतं. तुमचा लॅपटॉप केबलवर घ्या. नाशिकला राउटर टीव्हीच्या मागे किंवा कपाटावर कोंबलेला असेल तर आई-बाबा जिथे बसून बोलतात त्या खोलीत आणवून घ्या आणि फोन ५ गिगाहर्ट्झवर जोडून द्या. ब्लूटूथ हेडफोन स्वतःचा उशीर घालतोच, वायरचा वापरा. एवढ्यात ५०-६० मिलिसेकंद वाचू शकतात आणि बोलण्यात ते जाणवतात. आणि बाबांनी वाक्य संपवलं की एक श्वास थांबून बोला, सॅटेलाइटवरून ट्रंक कॉल लागायचे तेव्हा लोक हेच करत, तिथे तर एका दिशेलाच पाव सेकंद जायचा.

प्रश्न (लातूर) : क्लासच्या हॉलमधून लाइव्ह लेक्चर घेतो. हॉलमधे बसलेली पोरं त्याच वायफायवर. लेक्चर अडकतं. राउटरवर डब्ल्यूएमएम नावाचं काहीतरी आहे, यूट्यूबवर एकजण म्हणाला ते बंद करा. करू?

उत्तर : अजिबात नको. डब्ल्यूएमएम म्हणजे वायफायवरचं क्यूओएसच आहे, आवाज, व्हिडिओ, साधारण आणि बॅकग्राउंड असे चार वर्ग, आणि आवाजवाल्याला हवेत बोलायची संधी लवकर मिळते. ते बंद केलं तर आवाज जातोच, वर वायफायचा वेगही ५४ एमबीपीएसवर घसरतो, कारण त्यापुढच्या वेगांना ते चालू असणं सक्तीचं आहे.

पण सर, तुमचा उपाय याहून सोपा आहे, लेक्चरचा लॅपटॉप केबलने जोडा. वायफायची हवा सगळ्यांत एकच, एका वेळी एकानेच बोलायचं, आणि मागच्या बाकावरचा कमी रेंजवाला जुना फोन तोच डेटा पाठवायला दहापट वेळ हवा अडवून धरतो. तुम्ही त्या भांडणात पडताच कशाला? पोरांना वेगळं गेस्ट नेटवर्क द्या, त्याला वेगाची मर्यादा घाला. मोठा कॅम्पस सांभाळणाऱ्यांसाठी एक आडबाजूची गोष्ट: ४६ चा शिक्का बऱ्याच वायफाय उपकरणांत आवाजाच्या नाही, व्हिडिओच्या वर्गात जाऊन पडतो, कारण ती शिक्क्याचे पहिले तीनच बिट बघतात, त्यातून ५ मिळतो आणि वायफायमधे ५ म्हणजे व्हिडिओ. २०१८ च्या आरएफसी ८३२५ या इंटरनेटच्या नियमपत्रात तो ६ वर न्यायला सांगितलंय. कंट्रोलरवर एकदा बघून घ्या.

प्रश्न (पनवेल, आणि असेच आणखी पुष्कळ) : राउटरच्या ॲपमधे "क्यूओएस" किंवा "गेमिंग मोड" असं बटण आहे. ऑन करून ठेवू का?

उत्तर : ऑन केल्यावर ते अपलोड-डाउनलोडचा वेग भरायला सांगतं का बघा. सांगत असेल तर उपयोगाचं आहे, मोजलेल्याच्या ९० टक्के भरा. विचारतच नसेल आणि स्वतःही मोजत नसेल तर राउटर समजतो लाइन १ जीबीपीएसची, त्याच्याकडे रांग कधी लागतच नाही, मग पुढे कोणाला काढणार? आणि वेग भरताना प्लॅनच्या जाहिरातीतला आकडा भरू नका, रात्री आठ-नऊला, सगळी सोसायटी घरी असताना मोजलेला भरा.